लिंबोणीला थेंबही नको

नांदगाव,
४ फेब्रुवारी १९७९

लता हिस,
लंकाबाईचा जयभीम.

मी पोचले. मनमाडला गाडी तासभर थांबली, बाकी काय त्रास नाय. चांगुणाला सहावा लागला. डाक्टरनं खाटेवरून पाय खाली टाकू नको म्हणून बजावलंय. आधीची दोन्ही सहाव्यातच गेली, तुला माहीत हाय. तिला धक्का बसंल असं काही कानावर पडू देऊ नका म्हणाला. जावई सहादू रेल्वेत गँगमन, चार-चार दिवस लायनीवर. तेव्हा बाळंतपण होईस्तोवर मी इथंच.

आता झाडांचं. नीट वाच अन् चुलीजवळच्या खिळ्याला लावून ठेव.

पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी नाय. बुडाशी घालायचं, पानावर नाय. गुलाबाची पानं रातभर ओली राह्यली की काळे ठिपके धरतात. रोज शिंपडल्यासारखं करू नको, वरची माती भिजते अन् मुळं उपाशी. एक दिवसाआड घाल, पण पोटभर. घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपस. बोटाला माती चिकटली तर पाणी नको. कोरडं निघालं तर घाल. झाडाचं तोंड बघून पाणी घालू नको, दुपारी सगळीच झाडं तोंड पाडतात.

ड्रमातल्या लिंबोणीला मात्र थेंबही नको. मी आठ दिवसांपूर्वी तिचं पाणी तोडलंय. मी कळवल्याशिवाय घालायचं नाय. का ते विचारू नको. बावीस वर्षं सरकारी नर्सरीत रोपं जगवली मी.

शेजारच्या मालनबाईला लक्ष ठेवायला सांगितलंय. राग मानू नको.

जयरामला दर पत्राखाली दोन ओळी लिहायला सांग. तुझी जोडाक्षरं मला लागत नाय, म्हणून पत्र चांगुणा पडल्या पडल्या मोठ्यानं वाचते. तेवढाच तिला विरंगुळा.

लंकाबाई


सातपूर,
११ फेब्रुवारी १९७९

ती. आत्याबाईंना,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. खिळ्याला लावलं आहे. पाणी सकाळी सातच्या आत, बुडाशी, बोट घालून. चांगुणाताईंनी हे वाचून दाखवताना तुम्ही मान हलवाल ते मला इथून दिसतं.

तुम्ही गेल्यापासून मालनबाई दिवसातून तीनदा मीठ मागायला येतात. एवढं मीठ खाणारं घर मी पाहिलं नाही. वाटी माझ्यापुढे आणि डोळे ओट्याखालच्या कुंड्यांवर. लक्ष ठेवायला सांगितलंत ते ठीक, पण मला आधी सांगितलं असतंत तर मी त्यांना पाटच मांडला असता.

एक विचारते. विचारू नको म्हणालात, तरी विचारते. घरातल्या सगळ्या झाडांना पोटभर आणि त्या एकीला थेंब नाही, हे काय आहे? लिंबोणीची पानं गळायला लागली. रोज सकाळी मूठभर झाडून काढते. मरायला टेकलेलं झाड माझ्या ताब्यात दिलंत आणि कारण सांगितलं नाहीत. उद्या ती वाळली तर गल्ली काय म्हणेल? सासू गेली आणि सुनेनं झाड मारलं. लग्नाला दीडच वर्ष झालं आहे, आत्याबाई. मला पारखायचं असेल तर तसं सांगा.

रागावू नका. मनात ठेवून बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तुमची सून,
लता

आई, इकडे सर्व ठीक. लताचं मनावर घेऊ नको, ती लिंबोणीपाशी बसून पानं मोजते. चांगुणाला म्हणावं, मामा व्हायची मला घाई आहे. – जयराम


नांदगाव,
१९ फेब्रुवारी १९७९

लता हिस,

कार्डावरच लिहिते. पोस्टमननं वाचलं तरी वाचू दे, माझ्यात लपवण्यासारखं काय नाय.

तुला पारखायला मला झाड मारायची गरज नाय. पारखायची ती मी लग्नात तांदूळ निवडताना पारखली. ती लिंबोणी तीन वर्षं नुसता पाला काढते. अशा झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, अन् मग एक दिवस पोटभर पाणी. मग फूल धरतं. संत्री-मोसंबीवाले दरसाल करतात. सुखात असलेलं झाड कशाला फुलंल?

अजून दहा दिवस थेंब नाय.

मामाला म्हणावं, घाई करू नको.

लंकाबाई


सातपूर,
१ मार्च १९७९

ती. आत्याबाईंना,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. इकडे सर्व ठीक आहे. पाणी सकाळी सातच्या आत घालते. लिंबोणीला थेंबही दिलेला नाही. गुलाबाला चार फुलं आली.

ह्यांची पाळी बदलली आहे, शिवाय डबल ड्यूटी. दोन ओळी लिहायला सवड मिळाली नाही, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली आहे.

चांगुणाताईंना जपा. तुम्ही तिथं आहात हे फार बरं आहे. इकडची अजिबात काळजी करू नका.

लता


नांदगाव,
९ मार्च १९७९

लता हिस,

तुझं पत्र चांगुणानं दोनदा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. एवढंसं पत्र, अन् त्यात एक टोमणा नाय, एक तक्रार नाय. तू अशी कधीपासून गोड झालीस? मला तेव्हाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

परवा मालनबाईचं कार्ड आलं. पोरीकडून लिहून घेतलंय. ती तक्रार करत नाय, तुझं कौतुकच करते. म्हणते, लिंबोणी अशी हिरवीगार झालीय की नजर लागंल. फुटवे हातभर आलेत. फूल मात्र एक नाय. अन् म्हणते, गुलाबाच्या पानांवर तेवढे काळे ठिपके पडलेत, पण ते काय, पडतातच.

ते पडत नाय, लता. पाडावे लागतात.

बिनपाण्याच्या झाडाला हातभर फुटवे येत नाय. म्हणजे तू पाणी घातलंस, अन् मला लिहिलंस थेंब नाय. एक खोटं. सकाळी बुडाशी पाणी घातलेल्या गुलाबाला ठिपके येत नाय. म्हणजे तू संध्याकाळी घालतेस, घाईनं, वरून ओतून. दोन खोटी. अन् संध्याकाळी का? तर सकाळी तू घरात नसतेस म्हणून.

कुठं जातेस?

मी उघड विचारते. नवरा दिवसरात कामावर, सासू परगावी, अन् सून सकाळी घराला कुलूप लावून कुठं जाते? माहेरी जातेस की आणखी कुठं? रात्री डोळा लागत नाय माझा. जयरामच्या हातच्या ओळी नाय हे त्याहून वाईट. बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा माझ्या पोरानं मला दोन ओळी लिहिल्या होत्या. सवड नाय म्हणणारा तो नाय. त्याला तू पत्र लिहितेस हे माहीत तरी हाय का?

पुढच्या पत्रात त्याच्या हातच्या ओळी नसल्या, तर एकोणीस तारखेच्या सोमवारी मी पॅसेंजर धरते. चांगुणाला सहादूच्या भरवशावर टाकून येईन, मग व्हायचं ते होऊ दे.

लंकाबाई


सातपूर,
१४ मार्च १९७९

ती. आत्याबाईंना,
सप्रेम जयभीम.

येऊ नका. आधी एवढं वाचा. चांगुणाताईंना सोडून येऊ नका.

तुमची दोन्ही खोटी मी कबूल करते. लिंबोणीला मी पाणी घातलं. तुमचं ताणाचं कार्ड येण्याच्या आधीच घातलं होतं, आणि आल्यावरही घातलं. झाड घाबरलं की फुलतं हे मला खरं वाटलं नाही. मला वाटलं, ही म्हातारी मला बोल लावायची सोय करते आहे. झाड मेलं तरी दोष माझा, जगलं तर हुकूम मोडला म्हणूनही दोष माझाच. शिवाय त्या दिवसांत घरात काही वाळताना मला बघवत नव्हतं. का ते विचारू नका.

सकाळी मी मखमलाबादच्या बाजूला एका द्राक्षबागेत जाते. घड काढायचं, निवडायचं, पेटीत भरायचं काम आहे. ऊन तापायच्या आत घड उतरवावे लागतात, म्हणून सहाला घर सोडते. परतायला संध्याकाळ होते. म्हणून पाणी संध्याकाळी. तुम्ही नको म्हणाल म्हणून सांगितलं नाही. आमच्या कामावर सगळ्या बायकाच आहेत. मुकादम गोजराबाई म्हणून आहेत, तुमच्यापेक्षा कडक.

आणखी कुठं जातेस, असं तुम्ही लिहिलंत. ते चांगुणाताईंनी वाचलं नाही, कारण लिहिलं तुम्ही आणि वाचलं मी. मी ते पत्र खिळ्याला लावलेलं नाही. चुलीत घातलं. मला फार लागलं, एवढंच सांगते.

ह्यांच्या ओळी खाली आहेत. बसमध्ये गुडघ्यावर कागद ठेवून लिहिल्या, म्हणून अक्षर तसं आलं आहे.

लता

आई मी ठीक आहे. तू येऊ नको. चांगुणाला सांभाळ. लता म्हणते ते खरं आहे. – जयराम


नांदगाव,
२० मार्च १९७९

लता हिस,

कालची गाडी मी सोडली. तुझ्यावर विश्वास बसला म्हणून नाय. चांगुणाच्या पायावर सूज हाय म्हणून.

जयरामचं अक्षर बघून चांगुणा हसली. म्हणाली, दादा बसमध्ये बसून लिहितो की बसच्या टपावर? मी म्हटलं, असंल. कागद माझ्या उशाशी ठेवलाय.

तू खोटं बोललीस ते मी विसरले नाय. त्याचं काय ते आल्यावर बघू.

द्राक्षाच्या कामाला जातेस तर जा. डोक्याला फडकं बांध अन् कात्री जपून धर. बोटं जपायची.

पाण्याचं बदल. पहाटे तू घरात नाय, तर सकाळचं पाणी जयरामला घालू दे. डबल ड्यूटीवरून आला तरी घालू दे, नुसतं खाटेवर पडून माणूस कुजतं. त्याला बादली देऊ नको. लोटा दे. लोट्याला एक हात पुरतो.

लिंबोणीचं पाणी परत तोड. आता उन्हाळा हाय, ताण लवकर बसंल. ह्या खेपेला तारीख मी सांगणार नाय, तू ठरव. दुपारी पानं मलूल झाली तर घाबरू नको. रातीतून सावरली नाय, सकाळीपण तशीच गळाठलेली दिसली, की मग पाणी दे. आधी अर्धं, दुसऱ्या दिवशी पोटभर. एकदम ओतू नको. तहानलेल्याला एकदम पाजत नाय.

लंकाबाई


सातपूर,
२८ एप्रिल १९७९

ती. आत्याबाईंना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या मागच्या पत्राचा मला अर्थच लागला नाही. एवढ्या संतापानं निघालेल्या बाईनं गाडी का सोडली? आल्यावर बघू म्हणजे काय बघणार आहात? महिनाभर तेच डोक्यात आहे. मालनबाईंनी आणखी काही कळवलं का, म्हणून मी त्यांना दोनदा विचारलं. त्या म्हणतात, मी झाडांशिवाय अक्षर लिहिलं नाही, हवं तर पोरीला विचार. आणि लोटा दे, बादली नको, हे काय? बादली काही इतकी जड नाही. तुम्ही काहीतरी मनात धरून लिहिता आणि मला ते दिसत नाही.

असो. तुमचं एक खरं निघालं.

बागेत घड उतरवायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडतात. मी गोजराबाईंना म्हटलं, एवढ्या उन्हात वेलींना पाणी नाही? त्या म्हणाल्या, आता पाणी दिलं तर मणी नुसते फुगतील, पाण्यासारखे लागतील, गोडी उतरायची नाही. पाणी द्यायला कोणीपण देतं, बाई, न द्यायला हिंमत लागते. तेव्हा मला तुमची आठवण झाली आणि लाजही वाटली.

लिंबोणीचं पाणी मी त्याच आठवड्यात तोडलं. पानं गळली. दुपारी तिच्याकडे बघवत नव्हतं, तरी हात आवरला. आठ तारखेला सकाळी पानं तशीच पडलेली दिसली. त्या दिवशी अर्धं दिलं, दुसऱ्या दिवशी पोटभर. गेल्या सोमवारपासून पांढऱ्या कळ्या धरल्या आहेत. आधी सात होत्या. आता मोजता येत नाहीत.

गुलाब ठिपक्यांतून सावरला. चौदा एप्रिलला विहारात आपल्या घरची नऊ फुलं गेली. सगळे तुम्हाला विचारत होते.

ताईंचा नववा चालू आहे. तुम्ही तिथंच राहा.

लता

आई, मी ठीक आहे. कळ्यांचा वास घरभर येतो. – जयराम


नांदगाव,
१० मे १९७९

चि. लता हिस,
लंकाबाईचा आशीर्वाद अन् जयभीम.

रविवारी सकाळी चांगुणाला मुलगी झाली. दोघी सुखरूप हाय. पोरगी वजनाला हलकी, पण रडायला तुझ्यासारखी खणखणीत. हे पत्र मी एकटीनं लिहिते, वाचणारी झोपलीय. तुझं पुढचं पत्र जोडाक्षरं लावत माझं मीच वाचीन.

आता खरं बोलू.

जयराम लहानपणी डावरा होता. जेवायचा डाव्यानं, दगड मारायचा डाव्यानं, पाटीवर लिहायचाही डाव्यानं. शाळेत मास्तर मारायचे. घरी मी मारायची. लाटण्यानं मारलंय मी त्या हाताला, दोन वर्षं, तो उजव्यानं लिहायला लागेस्तोवर. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. प्रौढ वर्गात मी लय उशिरा गेले. पण त्याची डाव्या हाताची ओळ मला ठाऊक होती. वर चढत जायची, अन् अक्षरं मागं रेलायची. वीस वर्षांत ती ओळ मी बघितली नव्हती. तुझ्या मार्चच्या पत्राखाली बघितली.

बसमध्ये हात हलतो, बाई. हात बदलत नाय.

मला तेव्हाच कळलं, उजव्या हाताला काहीतरी झालं. कारखान्यातच झालं असणार. मग तुझं गोड पत्र, तुझं कामाला जाणं, मालनबाईच्या कार्डात झाडं सगळी अन् जयरामचं नाव नाय, हे सगळं एकाला एक लागलं. तू चांगुणासाठी लपवत होतीस. मी तिला टाकून येणार होते ते तुझ्यावरच्या संशयापायी. ती गाडी धरली असती तर आज ही पोरगी नसती. तुला आणखी कुठं जातेस म्हणून विचारलं, ते पत्र तू चुलीत घातलंस, बरं केलंस. माझ्या मनातूनपण जाळता आलं असतं तर बरं झालं असतं. मला माफ कर.

तुला तेव्हा लिहिलं नाय, कारण मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर ते तुझ्या पुढच्या पत्रात उतरलं असतं. चांगुणा हुशार हाय, वाचता वाचता थांबली असती. म्हणून मी भांडत राह्यले. नळावर भांडी घासताना रडायची अन् आत येऊन लिंबोणीवरून तुला बोलायची.

पन्नास दिवस झाले. किती बोटं गेली ते मला माहीत नाय. हात हाय का नाय तेपण माहीत नाय. रोज रातीला मी मनात त्याची बोटं मोजते, कधी चार येतात, कधी एकपण नाय. चांगुणाला मी काल सांगितलं, ती रडली, पण सावरली. आता लिही. खरं लिही. तूच लिही, नायतर त्याला लिहू दे.

अन् जयरामला सांग, आई महिन्याभरानं येते. त्याला म्हणावं, डाव्यानं जेव, डाव्यानं लिही. आता त्या हाताला कोणी मारणार नाय.

तुझी,
आत्याबाई


सातपूर,
१६ मे १९७९

आई,

लता म्हणाली तुम्हीच लिहा. हळू लिहितो. मोठं काढतो, तुला वाचता येईल.

हात आहे. १६ फेब्रुवारीला कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये सापडला. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहेत. जखम भरली. पुढच्या महिन्यात कामावर घेणार आहेत, स्टोअरमध्ये.

लता रोज सहाला जायची. मालनमावशी मिठाची वाटी घेऊन यायची, त्यात माझी भाकरी-भाजी असायची. तिनं तुला कळवलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नको, मीच शपथ घातली होती.

लता तुझं पत्र घेऊन लिंबोणीपाशी बसली आहे. आता म्हणते, आत्याबाईंना विचारा, फळ धरल्यावर पाणी किती द्यायचं.

तुझ्या पत्रापासून मी लोटा वापरतो. आज सकाळी सगळ्यांना मीच पाणी घातलं. लिंबोणीच्या मातीत आधी बोट घालून बघितलं, डावं. कोरडं निघालं, मग घातलं.

जयराम